स्वखुशीनं

गल्लीच्या तोंडाशी कुणी माणूस "दोन्या सिन्फोरोसांचं घर कुठलं हो?" असं विचारत होता, आणि ते ऐकून सिन्फोरोसाच्या पडवीत चिरूट वळायला बसलेल्या चौघीजणी फिसकन हसल्या. दोन्या म्हणायचं ते चौकातल्या मोठ्या घरांतल्या बायकांना, ज्यांच्याकडे पियानो असतो आणि ज्यांना स्वतःचे केस स्वतः विंचरता येत नाहीत. त्यांच्या नवऱ्यांना दोन म्हणायचं. सिन्फोरोसाला अख्खं सान हेरोनिमो गाव सिन्फोरोसा म्हणायचं. दोन हेनारोच्या तंबाखूच्या वखारीत तर नुसतं "ए सिन्फो".

"कोण टवाळखोर आहे बघा गं," सिन्फोरोसा म्हणाली. "आणि तुम्हाला दात काढायला काय झालं? हात चालू द्या."

टवाळखोर लंगडत आला. वय तिशीचं असेल, पण तोंडात चारच दात उरलेले. पाठीवर घायपाताचं पोतं. टोपी काढून तो म्हणाला, "मी एवारिस्तो. तुमच्या क्रिसांतोच्या तुकडीतला." आणि पोतं खाली ठेवायला वाकला.

"थांब."

पोत्यात काय आहे हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. हाडं वाजल्याचा आवाज आला. चार वर्षं ती वाट बघत होती, पण ती पावलांच्या आवाजाची. हातातल्या पानाची शीर तिनं शेवटपर्यंत काढली. मग मेजावरची पानं, सुऱ्या, खळीची वाटी, सगळं एका हातानं बाजूला सारलं.

"माझ्या पोराला जमिनीवर ठेवू नकोस. इथं ठेव."

लढाई संपून दीड वर्ष झालं होतं. सरकारविरुद्ध उठलेले लाल हरले, सरकारचे निळे जिंकले, आणि दोन्हीकडच्या आया एकाच दुकानातलं काळं कापड नेसून फिरत होत्या. फरक एवढाच, की निळ्यांची पोरं दफनभूमीच्या भिंतीच्या आत झोपली होती आणि लालांची बाहेर, जिथं शेळ्या चरतात आणि गळफास घेतलेल्यांना पुरतात. हा फादर मेलितोनचा नियम. लाल म्हणजे धर्माचा वैरी, त्याला पवित्र पाणी शिंपडलेली जमीन नाही.

सिन्फोरोसाला क्रिसांतो आत हवा होता. आत तिचा नवरा होता. आत दोन मुली होत्या, एक आठ महिन्यांची, एक चार वर्षांची. त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा तिनं राखून ठेवली होती. ती खरं तर स्वतःसाठी, पण आता त्यावर क्रिसांतोचा हक्क पहिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती फादरकडे गेली. फादरनं बराच वेळ दाढी खाजवली आणि अट सांगितली. क्रिसांतोला लालांनी बळजबरीनं ओढून नेलं आणि मरताना त्याला पश्चात्ताप झाला, असा कागद होईल. त्यावर तिचा अंगठा, आणि दोन साक्षीदारांचे. मग आत.

"गुरुवारी चार वाजता ये," फादर म्हणाला. "आणि बडबड कमी कर."

अट सोपी होती, कारण बळजबरीची गोष्ट सिन्फोरोसा चार वर्षं सांगतच होती. त्या मुलखात सगळ्यांची रुआना दुतोंडी असायची. रुआना म्हणजे मधे डोकं घालायला चीर असलेली लोकरीची घोंगडी, एका अंगानं निळी, दुसऱ्या अंगानं लाल. वाटेत निळे शिपाई दिसले की निळी बाजू बाहेर, लाल दिसले की लाल. काही जण दिवसातून चारचारदा उलटवायचे, आणि त्यातही घोटाळा करून मार खायचे. क्रिसांतो गेला त्या सकाळी त्याची रुआना दोरीवरून काढून सिन्फोरोसानं घडी घातली, ती लाल बाजू वर ठेवून. पोरगं मुळात झोपाळू. न बघता डोक्यातून घातली आणि बाजारात गेलं. बाजारात निळे शिपाई आलेले, माणसं धरायला. याला लाल पाहून त्यांनी बडवला, हा पळाला, रानात लालांच्या तावडीत सापडला, त्यांनी ओढून नेला. अशी गोष्ट. ऐकणारा हळहळायचा. घडी घालणारा हात कुणाचा होता ते मात्र ती कधी बोलायची नाही. त्या हाताला ती चार वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत आली होती.

गुरुवारी दुपारी तिनं एवारिस्तोला मक्याची जाड भाकरी आणि गुळाचं गरम पाणी दिलं. चौघीजणी वळायला बसल्या होत्या. टोकाला ट्रान्सितो होती. तिचा मुलगा एलियास निळ्यांच्या बाजूनं लढताना मेला. त्याच बाजारात, त्याच सकाळी, निळ्यांनी त्याला आणखी सहा जणांबरोबर दोरीनं एकत्र बांधून नेला होता, कारण त्याची निळी बाजू बाहेर होती आणि निळा म्हणजे आपलाच. आता तो भिंतीच्या आत होता. चर्चनं त्याला दगड दिला होता आणि दगडावर लिहिलं होतं, "धर्मासाठी स्वखुशीनं लढला." ट्रान्सितोला वाचता येत नव्हतं. दर रविवारी ती अक्षरांवरून बोट फिरवून यायची. आज ती दुसरी साक्षीदार होती.

"खा आणि ऐक," सिन्फोरोसा एवारिस्तोला म्हणाली. "फादर विचारेल, क्रिसांतोला कसं धरून नेलं. तू लालांबरोबर होतास. एकदा सांगून बघ, जीभ अडखळायला नको."

एवारिस्तोनं घास या गालातून त्या गालात नेला. "काय सांगू, दोन्या?"

"दोन्या दोन्या काय लावलंयस आल्यापासून? मी काय पियानो वाजवते? धरून कसं नेलं ते सांग."

"त्याला धरून नाही नेलं."

पडवीतल्या सुऱ्या थांबल्या.

"तो आपला आपण आला," एवारिस्तो म्हणाला. "आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला होतो. हा शीळ घालत चढून आला, लाल बाजू बाहेर. सार्जंटनं विचारलं, बाबा, चुकून घातलीस की समजून? तर म्हणाला, आईनं निळी बाजू वर ठेवून घडी घातली होती. मी दाराबाहेर येऊन उलटवली."

सिन्फोरोसानं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग त्याच हातानं एवारिस्तोसमोरची भाकरीची ताटली उचलून मेजावर आपटली.

"खोटं बोलतोस."

"तो इथं पोत्यात पडलाय, दोन्या. त्याच्यासमोर खोटं बोलू?"

"निळी ठेवली होती मी?"

"निळी."

चार वर्षांचं ओझं उतरलं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. सिन्फोरोसाला हलकं वाटलं नाही. म्हणजे तिनं नीट घडी घातली होती. तिनं सगळं नीट केलं होतं, आणि हा गधडा दाराबाहेर उभा राहून उलटवून गेला!

"कशासाठी?" ती म्हणाली. "बोल की! जीभ पण लंगडी आहे का?"

"कोण कशासाठी आलंय, यावर आमचं रोज चालायचं," एवारिस्तो म्हणाला. "काडतुसं नसली की दुसरा उद्योग काय? मी मिठासाठी गेलो. सरकारनं मीठ इतकं महाग केलं होतं, की लाल आले की मीठ फुकट, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. एकाचं खेचर निळ्यांनी कापून खाल्लं, तो खेचरासाठी. जनरल घोडीवरून सांगायचे, संविधानासाठी लढा. आमच्यातल्या एकाला किती तरी दिवस वाटत होतं की संविधान हे त्यांच्या घोडीचं नाव आहे."

एक जण हसली आणि सिन्फोरोसाची नजर पाहून गप्प झाली.

"आणि आमचे?" ट्रान्सितोनं टोकावरून विचारलं. ती सहसा बोलायची नाही. "निळे कशासाठी लढायचे?"

"एक निळा आमच्या हाती लागला होता, मावशी. कोवळा होता. म्हणाला, तुम्ही लाल लोक देवमातेला चर्चबाहेर फेकणार, म्हणून लढतो. आम्ही सगळ्यांनी सदरे उघडून गळ्यातले देवमातेचे ताईत दाखवले. तेवीस ताईत. तो रडायला लागला. म्हणाला, मग मी इथं काय करतोय?"

"तो काही माझा एलियास नव्हता," ट्रान्सितो म्हणाली.

"नाही, मावशी. तो किनाऱ्याकडचा होता."

"आणि माझा?" सिन्फोरोसा ओरडली. "माझा कशासाठी गेला ते सांगणार आहेस, की त्या घोडीचीच कथा लावणार आहेस?"

एवारिस्तोनं चौघींकडे पाहिलं. "सगळ्यांसमोर?"

"यांच्यापासून मी पोटातला वारासुद्धा लपवलेला नाही. बोल."

"म्हणायचा, आई चिरुटांच्या जुड्या घेऊन वखारीत जाते. दोन हेनारो खुर्चीतून उठत नाही. पायानं जुडी ढकलतो आणि म्हणतो, ए सिन्फो, ही सैल आहे, पुन्हा वळ. आणि माझी आई, जी अख्ख्या गल्लीला शेंडीला धरून नाचवते, ती म्हणते, जी मालक." एवारिस्तोनं गुळाच्या पाण्याचा घोट घेतला. "म्हणायचा, आपण जिंकलो की त्याला दोन्या सिन्फोरोसा म्हणावं लागेल. उठून. टोपी काढून. आम्ही त्याला फार पिडायचो यावरून. मग काय झालं कुणास ठाऊक, आम्हालाच सवय लागली. पहाऱ्यावर बसलो की एकमेकांच्या आयांना आम्ही दोन्या म्हणायचो. दोन्या अमुक कशा आहेत, दोन्या तमुकच्या हातचं जेवण कसं असतं. तुकडीत तेवीस आया होत्या. सगळ्या दोन्या."

सिन्फोरोसा उठली आणि पोत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गाढवा," ती म्हणाली. "मला विचारलं होतंस? एकदा तरी? मला त्या 'ए सिन्फो'चं काय वाटतं ते? मला ते ऐकूसुद्धा येत नव्हतं! माशी गुणगुणते तसं. जुडी द्यायची, घरी यायचं, तुझ्यासाठी भाकरी थापायची. आणि तू तिथं दारात उभा राहून मोजत होतास? एका शब्दासाठी गेलास? शेत नाही, बैल नाही, मीठसुद्धा नाही. शब्द!" मग ती एवारिस्तोकडे वळली. "आणि तुमचे जनरल! त्यांच्या आईला तर पाळण्यापासून दोन्या म्हणत आले. त्यांनी कबूल केलं होतं का हे, घोडीवरून? की माझ्या येड्यानं एकट्यानंच ठरवलं?"

"त्यानं एकट्यानंच ठरवलं."

"आणि मेला कशानं? निदान गोळी तरी लागली का?"

"हगवण," एवारिस्तो खाली मान घालून म्हणाला. "पुलाजवळच्या तळावर. नऊ दिवस."

"हगवण!" सिन्फोरोसानं आभाळाकडे पाहून हात जोडले, पण ते प्रार्थनेसाठी नव्हते. मग डोक्यावरून काळी शाल ओढली. "चला. चार वाजत आले."

वाटेत एवारिस्तो हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते सांगतो. ओढून नेलं म्हणतो. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"गप्प चाल. मी तेच सांगणार आहे." आणि तिला खरोखर तेच सांगायचं होतं. दोन मुली आत होत्या. त्यांचा भाऊ त्यांच्याजवळ हवा. बाकी सगळं गेलं खड्ड्यात. फादर असो, दोन हेनारो असो की जनरलची घोडी.

फादर मेलितोन मेजामागे बसला होता. चर्चच्या कारकुनानं शाईची डबी उघडून ठेवली होती. फादरनं कुणाला बसायला सांगितलं नाही.

"अंगठा लाव," तो सिन्फोरोसाला म्हणाला. "मला आजारी माणसाकडे जायचंय."

सिन्फोरोसानं अंगठा शाईत बुडवला. "आधी वाचून दाखवा."

"काय वाचायचं त्यात? तुला सांगितलं तेच आहे."

"मला अक्षर येत नाही, कान आहेत. वाचा."

कारकुनानं घसा खाकरला. "'मी, विधवा सिन्फोरोसा, देवासमोर सांगते, की माझा मुलगा क्रिसांतो याला धर्माच्या वैऱ्यांनी बळजबरीनं ओढून नेलं. तो अडाणी होता, त्याला स्वतःची बुद्धी नव्हती, आपण काय करतो आहोत हे त्याला समजत नव्हतं…'"

"थांब. हे बुद्धीचं कुणी घातलं?"

"ते लिहावंच लागतं," फादर म्हणाला. "बुद्धी असती तर पाप त्याचं झालं असतं. तुझ्याच भल्याचं आहे, लाव अंगठा."

"त्याला बुद्धी नव्हती," सिन्फोरोसा सावकाश म्हणाली, "हे मी म्हणीन. दुपारपासून मी दुसरं काही म्हणतच नाहीये. नऊ महिने मी वागवलाय, मला अधिकार आहे. तुम्ही कोण म्हणणारे?"

"बाई, शब्द आहे नुसता."

"शब्दच ना? मग बदला. लिहा, तो आपल्या पायांनी गेला. रुआना आपल्या हातानं उलटवून गेला. मूर्खपणा केला, पण समजून केला. तो मूर्खपणा त्याचा होता, तुमचा नव्हे. तुमच्या कागदात बसवायला मी त्याला वेडा ठरवू?"

फादरचा चेहरा लाल झाला. "असं लिहिलं तर तो आत येणार नाही."

"मला कळत नाही, तुमच्या शाईला झालंय तरी काय!" आता तिचा आवाज चर्चच्या मागच्या बाकापर्यंत जात होता. "या ट्रान्सितोचा एलियास. त्याला दोरीनं बांधून नेलं. अख्ख्या बाजारानं पाहिलं, तुम्ही पण या पायरीवरून पाहिलंत. आईच्या नावानं ओरडत होता. त्याच्या दगडावर तुम्ही लिहिलंत, स्वखुशीनं! आणि माझा शीळ घालत गेला, तर म्हणता ओढून नेला. जो बांधला तो खुशीचा, जो खुशीचा तो बांधलेला. त्या पोरांना मेल्यावर तरी स्वतःचं काही ठेवाल की नाही?"

फादर उठून उभा राहिला. "ट्रान्सितो. सांग हिला. तुझा मुलगा स्वखुशीनं गेला की नाही?"

ट्रान्सितो भिंतीला टेकून उभी होती. तिचं बोट शालीच्या काठावरून सरकत होतं.

"दगडावर लिहिलंय ना, फादर," ती म्हणाली.

सिन्फोरोसानं शाईचा अंगठा परकराला पुसला. डाग पडला, नवा परकर होता. "चल रे," ती एवारिस्तोला म्हणाली. "तुमचं पवित्र पाणी ठेवा, फादर, आजारी माणसाला लागेल."

घरून पोतं आणि कुदळ आणली. भिंतीबाहेरची जमीन सगळी गोटे. एवारिस्तोला एका पायावर जोर येत नव्हता, म्हणून सिन्फोरोसानं कुदळ हिसकावून घेतली आणि स्वतः खणायला लागली. प्रत्येक घावाबरोबर एकेकाचं नाव घेत होती. सरकार, जनरल, फादर, वखार, हगवण. मधूनच क्रिसांतो. भिंतीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, नवरा आणि मुली होत्या. उद्या ती स्वतः मेली की त्यांच्याशेजारी जाईल, आणि पोरगं इथं एकटं राहील, शेळ्यांच्या लेंड्यांत. हे तिला चर्चच्या पायऱ्या उतरतानाच कळलं होतं. तरी तिनं मागे वळून पाहिलं नव्हतं, आणि आता त्याचाच राग येत होता. कुदळ गोट्यावर आदळून ठिणगी उडाली.

पोतं खड्ड्यात ठेवलं. एवारिस्तोनं टोपी काढली आणि काही पुटपुटला. सिन्फोरोसानं माती ओढली.

माती निम्मी भरली तेव्हा ट्रान्सितो आली. भिंतीच्या कडेनं आली आणि थोडी दूरच उभी राहिली. मदतीला हात पुढं केला नाही.

"माझ्या पोराची दोरी तू का बाहेर काढलीस?" ती म्हणाली.

"सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं आणि चर्चमध्ये ओरडणं वेगळं. फादर दगड काढून टाकायला सांगतोय. म्हणतो, लोक हसतील."

सिन्फोरोसाच्या हातात माती होती. ती तिनं खड्ड्यात टाकली. "काढू दे. खोटाच होता."

"तुझ्याकडे सांगायला आहे," ट्रान्सितो म्हणाली. "तो एका शब्दासाठी गेला, तुझ्यासाठी गेला. तू त्याला गाढव म्हण नाही तर काही म्हण, पण तुझ्याकडे आहे. माझ्याकडे तो दगड होता. माझा एलियास कशासाठी मेला? दोरीसाठी?"

"मला काय विचारतेस? मी बांधला होता?"

"बोलायच्या आधी तू विचार करायचास," ट्रान्सितो म्हणाली. तिचा आवाज वर चढला नव्हता, पण सिन्फोरोसानं तिला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "दगड तुझ्या तोंडानं गेला. आता माझ्या एलियाससाठी काही तरी तूच शोध. खरं शोध, फादरसारखं नको. तोंड मोठं आहे ना तुझं?"

आणि ती वळून गेली. तिच्या चपला गोट्यांवर वाजत दूर गेल्या.

सिन्फोरोसानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तीस वर्षांत या गावात तिला कुणी शेवटचा शब्द ऐकवून गेलेलं नव्हतं. एवारिस्तोनं काही तरी विचारलं, तिनं त्याला हातानंच गप्प केलं. मग खाली बसून ती उरलेली माती दोन्ही तळव्यांनी थापायला लागली. इतक्या जोरानं, की गोट्यांनी हात सोलले, आणि तरी ती थापतच राहिली.